सुझानच्या नावाचा गल्ला

मॅच ऐन रंगात आलीय, मुलगी दमलीय आणि स्टँडमध्ये बसलेले तिचे वडील कोर्टच्या दिशेने काहीतरी फेकतात. ब्रँडीत बुडवलेले साखरेचे क्यूब! ती ते तोंडात टाकते आणि पुन्हा खेळायला जाते. आज असं काही घडलं तर त्याचं रील अर्ध्या तासात जगभर फिरेल. पण ही गोष्ट आहे जुलै 1919ची. स्थळ विम्बल्डन. महायुद्ध संपल्यानंतरची ही पहिलीच स्पर्धा. बघायला राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी जातीने आलेले. आणि वीस वर्षांची ही फ्रेंच मुलगी, सुझान लेंग्लेन, गवताच्या कोर्टवरची आयुष्यातली पहिलीच स्पर्धा खेळत होती.

समोर होत्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. वय 40, विम्बल्डनची सात विजेतेपदं नावावर. त्यातलं पहिलं 1903चं, तेव्हा सुझान चार वर्षांची होती. त्या काळी आदल्या वेळच्या विजेत्याला थेट फायनलच खेळावी लागायची. बाकीच्यांनी आपसात झुंजायचं, त्यातून जी उरेल तिने राणीसमोर उभं राहायचं. म्हणजे सुझान अख्खी स्पर्धा खेळून आलेली आणि चेंबर्सबाई ताज्यातवान्या.

पहिला सेट सुझानने 10-8 असा घेतला, दुसरा चेंबर्सनी 6-4. तिसऱ्यात सुझान 4-1 पुढे होती आणि मॅच संपल्यातच जमा होती. पण चेंबर्सनी ती अशी काही खेचून आणली की स्कोअर झाला 6-5, 40-15. चेंबर्सना दोन मॅच पॉइंट! पहिल्यावर सुझान जीव खाऊन पळाली, रॅकेट कशीबशी पोचली, चेंडू तारांना लागलाच नाही, लाकडी फ्रेमला लागला. आणि तरीही पलीकडे पडला. दुसराही मॅच पॉइंट तिने वाचवला आणि सेट घेतला 9-7. एकूण 44 गेम्स. विम्बल्डनच्या महिलांच्या फायनलमध्ये यापेक्षा जास्त गेम्स व्हायला 1970 उजाडावं लागलं.

फ्रेमला लागलेला तो चेंडू नेटमध्ये अडकला असता तर? टेनिसच्या इतिहासात असे जर-तर पुष्कळ आहेत. पण सुझान त्या दिवशी हरली असती तरी पुढच्या वर्षी जिंकली असती, असं मला वाटतं. कारण तिला जिंकण्याशिवाय दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं.

ती जन्मली पॅरिसमध्ये, 24 मे 1899 रोजी. लहानपणी तब्येत तोळामासा, दम्याचा त्रास. वडील चार्ल्स लेंग्लेन यांच्या घराण्याचा घोड्यांच्या बसगाड्यांचा धंदा होता, तो विकून झाला होता. हातात थोडा पैसा आणि भरपूर वेळ. मुलीची तब्येत सुधारावी म्हणून 1910मध्ये त्यांनी तिला एक रॅकेट आणून दिली. झालं! काही महिन्यांत त्यांना कळलं, की पोरीच्या हातात काहीतरी आहे. तिथून पुढे तिची तब्येत मागे पडली आणि टेनिस पुढे आलं.

लेंग्लेन कुटुंब हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समध्ये, नीसला राहायचं. युरोपातले राजेरजवाडे आणि बडे लोक थंडीत तिकडे उतरायचे, त्यामुळे टेनिसची मोठमोठी मंडळीही तिथेच भेटायची. चार्ल्स कोर्टच्या कडेला बसून बघत राहायचे. बायका कशा खेळतात याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते पुरुषांचा खेळ बघायचे आणि तो मुलीला शिकवायचे. कोर्टवर रुमाल टाकायचा, त्यावर चेंडू पडायलाच हवा. जमलं की रुमालाची घडी घालून तो निम्मा करायचा. मग आणखी लहान. शेवटी म्हणे नाणं ठेवायचे. सरावाला समोर पुरुष खेळाडू. नेटवर धावत जाऊन व्हॉली मारणं हे तेव्हा बायकांचं काम समजलं जात नव्हतं, सुझान ते बाराव्या-तेराव्या वर्षी शिकत होती.

यात कौतुक करावं तितकंच घाबरावंसंही आहे. चुकलं की चारचौघांत ओरडा. आई आनाईस यांचीही जीभ तिखट. टेनिसच्या जगात चार्ल्सना सगळे पापा लेंग्लेन म्हणायचे आणि पापांची नजर कोर्टवर असली की सुझानचा खेळ बदलायचा, हे प्रतिस्पर्ध्यांनाही ठाऊक होतं. आपल्याकडे दहावी-बारावीला मुलांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसणारे पालक असतात ना, त्यातलाच प्रकार, फक्त हा बारा महिने चालणारा. 1914मध्ये पंधरावा वाढदिवस होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, तेव्हा तिने पॅरिसजवळच्या सँ-क्लूला भरलेली जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा जिंकली. लगेच महायुद्ध सुरू झालं आणि चार-पाच वर्षं मोठं टेनिसच थांबलं. पापांनी सराव काही थांबवला नाही.

म्हणून 1919ला जी मुलगी विम्बल्डनला उतरली, ती इंग्रजांना कुठूनतरी अचानक आल्यासारखी वाटली. खेळाच्या आधी लोकांच्या डोळ्यात भरले ते तिचे कपडे. चेंबर्सबाईंचा स्कर्ट घोट्यापर्यंत, बाह्या मनगटापर्यंत, गळा बंद. त्या काळच्या बहुतेक खेळाडू आत कॉर्सेट घालून खेळायच्या, म्हणजे कंबर आवळून पाच सेकंद पळून दाखवा! सुझान आली ती अर्ध्या बाह्यांचा, पोटरीपर्यंतचा पातळ ड्रेस घालून. टीका झाली, व्हायचीच होती. पण तिची उडी बघितली की कारण कळत होतं. तिचे त्या वेळचे फोटो शोधा, बऱ्याच फोटोंत तिचे दोन्ही पाय जमिनीवर नाहीत. नर्तकीसारखी हवेत तरंगतेय आणि रॅकेट बरोबर चेंडूवर. पुढे ज्याँ पातू या पॅरिसच्या बड्या डिझायनरने तिच्यासाठी कपडे शिवले. प्लीटचा आखूड स्कर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर आणि कपाळावर गुंडाळलेली रंगीत रेशमी पट्टी. ती पट्टी कॉपी करायला युरोपभरच्या मुली धावल्या. 1924मध्ये पॅरिसला ‘ले ट्रॅ ब्ल्यू’ नावाचा बॅले आला, त्यातली टेनिसपटू सुझानवरूनच बेतलेली होती. इन्फ्लुएन्सर हा शब्द यायला अजून ऐंशी-नव्वद वर्षं होती, काम मात्र सुरू झालं होतं.

1920च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये तिने एकेरीचं सुवर्ण घेतलं, संपूर्ण स्पर्धेत फक्त चार गेम्स गमावून. मिश्र दुहेरीचंही सुवर्ण आणि महिला दुहेरीचं कांस्य. 1919 ते 1923 सलग पाच वर्षं विम्बल्डन तिचंच. 1924ला आजारपणामुळे मध्येच सोडावं लागलं, 1925ला पुन्हा जिंकली. असे एकेरीत सहा आणि एलिझाबेथ रायनबरोबर दुहेरीतही सहा. हे आकडे वाचून झाले की सोडून द्या, कारण खरी गोष्ट आकड्यांत नाही. खरी गोष्ट तिकीटखिडकीवर आहे.

सुझान ज्या दिवशी खेळणार त्या दिवशी रांगा लागायच्या. विम्बल्डनचं जुनं मैदान गर्दीला पुरेना. 1922मध्ये क्लबने चर्च रोडवर नवं, कितीतरी मोठं मैदान उभारलं, तेच आजचं विम्बल्डन. युद्धानंतर एकूणच टेनिसची लाट आली होती हे खरं, पण त्या लाटेवरचं सगळ्यात मोठं नाव सुझानचं होतं. रिव्हिएरावरची हॉटेलं आपल्या कोर्टवर ती खेळावी म्हणून धडपडायची. ती आली की खोल्या भरायच्या.

आणि या सगळ्यातून तिला मिळायचं काय? चषक. पुष्पगुच्छ. टाळ्या.

कारण तेव्हाचं मोठं टेनिस हौशी होतं. खेळायचे किंवा शिकवायचे पैसे घेतलेत, की विम्बल्डन बंद, फ्रेंच स्पर्धा बंद, अमेरिकन बंद, सगळं बंद. पैसे घेऊन खेळणारा म्हणजे क्लबमध्ये सभासदांना शिकवणारा नोकर, त्याची जागा मागच्या दाराने. ऐकायला तत्त्व किती उदात्त, खेळासाठी खेळ! पण घरचं भरपूर असलेल्यांनाच वर्षभर गावोगाव फिरून खेळासाठी खेळ परवडतो. बड्या खेळाडूंचे खर्च गुपचूप भागवले जातात ही कुजबूज सगळीकडे होती आणि ती ऐकू न येण्याची कला आयोजकांकडे होती. तुमच्यापैकी ज्यांनी बिनपगारी इंटर्नशिप केलीय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पैसे नाहीत, पण एक्स्पोजर मिळेल, हे वाक्य शंभर वर्षांपूर्वी फ्रेंचमध्येही चालायचं.

1921ची अमेरिकावारी हे याचं चांगलं उदाहरण. युद्धात बेचिराख झालेल्या फ्रान्सच्या गावांसाठी निधी गोळा करायला ती निघाली. पापा आले नाहीत, आई सोबत होती. बोटीचा प्रवास, आजारपण, आणि पोचल्यावर काही दिवसांतच न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सवर अमेरिकन स्पर्धा. तेव्हा ड्रॉमध्ये मानांकनं नव्हती, त्यामुळे दुसऱ्याच फेरीत समोर आली गतविजेती मोला मॅलरी. मॅलरीने पहिला सेट 6-2 घेतला. सुझान खोकत होती. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच तिने मॅच सोडली आणि रडत कोर्टबाहेर गेली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. हरायला लागली म्हणून खोकली, असं अमेरिकन पेपरांनी लिहिलं. ती खरंच आजारी होती, पण हरण्याची तिला सवय नव्हती हेही तितकंच खरं. पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या नव्या सेंटर कोर्टवर फायनलला समोर मॅलरीच होती. 6-2, 6-0. अर्धा तासही लागला नाही.

महायुद्धानंतर हौशी टेनिस सोडेपर्यंत एकेरीत कोर्टवर उतरून ती हरली ती फक्त फॉरेस्ट हिल्सची ती एक मॅच.

आता 1926. हे वर्ष नीट वाचा.

जानेवारीत अमेरिकेची वीस वर्षांची हेलन विल्स रिव्हिएरावर आली. तीन वेळची अमेरिकन विजेती, शांत चेहरा, जोरकस फटके. दोघींची गाठ कधी पडते याकडे जगातल्या पेपरांचे डोळे लागले. शेवटी 16 फेब्रुवारीला कान शहरातल्या कार्लटन क्लबवर दोघी समोरासमोर आल्या. ना विम्बल्डन, ना ऑलिम्पिक, एका हॉटेलच्या क्लबातली साधी स्पर्धा. पण तिकिटांचा काळाबाजार झाला. जागा मिळाली नाही ते झाडांवर चढले, शेजारच्या घराची कौलं काढून त्यातून डोकी बाहेर काढून लोक मॅच बघत होते.

सुझानने पहिला सेट 6-3 घेतला. दुसऱ्यात 6-5, 40-15, मॅच पॉइंट. विल्सचा फटका लाइनजवळ पडला, आउट अशी आरोळी आली, दोघींनी नेटवर हात मिळवले, लोक फुलं घेऊन कोर्टवर धावले. तेवढ्यात लाइन्समन लॉर्ड चार्ल्स होप गर्दीतून वाट काढत पंचांकडे गेले. आउट मी दिलंच नाही, ओरडलं ते प्रेक्षकांतलं कुणीतरी, चेंडू आत होता, असं त्यांचं म्हणणं. विचार करा. जिंकलात, हार गळ्यात पडायच्या बेतात आहेत आणि कुणीतरी येऊन सांगतं की परत खेळा. सुझान तो गेम हरली, 6-6 झालं. तरी तिने सेट 8-6 असा संपवला. नंतर मात्र फुलांच्या ढिगाऱ्यात बसून ती ढसाढसा रडली. दोघी एकेरीत पुन्हा कधीच भेटल्या नाहीत.

त्या दिवशीच्या गल्ल्यातल्या एका फ्रँकवरही, नियमाप्रमाणे, सुझानचा हक्क नव्हता. विल्सचाही नव्हता. ज्यांना बघायला माणसं कौलातून डोकी काढत होती, त्या दोघी सोडून बाकी सगळ्यांनी कमावलं.

आणि घरी काय चाललं होतं? पापांची तब्येत ढासळलेली. युद्धानंतर फ्रँकची किंमत घसरत चाललेली, साठवलेल्या पैशांवर जगणाऱ्या घरांची तंगी वाढत गेली, लेंग्लेनांचीही. सुझान 27 वर्षांची होती. एवढी वर्षं दुसरं काही शिकायला वेळच मिळाला नव्हता.

जूनमध्ये विम्बल्डनचा पन्नासावा वाढदिवस होता. एका दुपारी सुझानची एकेरीची मॅच दुहेरीच्या आधी लावली गेली, पण तो निरोप तिच्यापर्यंत नीट पोचला नाही. ती आली तेव्हा राणी मेरी रॉयल बॉक्समध्ये वाट बघत होत्या. आयोजक संतापले, सुझान कोसळली, मॅच पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी पेपरांनी तिने राणीचा अपमान केला म्हणून झोडपलं. काही वर्षांपूर्वी जी गर्दी तिच्यासाठी रांगा लावत होती, तीच थंड पडली. तिने एकेरीतून माघार घेतली आणि विम्बल्डनला खेळाडू म्हणून परत आलीच नाही. चूक कुणाची यावर वाद घालता येईल. निरोप देणं आयोजकांचं काम होतं, हे माझं मत. पण लहरी सुझान, वेळेवर न येणारी सुझान हे तिचं चित्र आधीपासून रंगलेलं होतं, ते उपयोगी पडलं. तिच्या लहरीपणावर हॉल भरत होते तोवर तो कुणाला खुपला नव्हता.

मग आला सी. सी. पाइल. अमेरिकेचा शो-धंद्यातला माणूस, फुटबॉलपटू रेड ग्रेंजला व्यावसायिक करून भरपूर कमावलेला. टेनिसशी त्याचं देणंघेणं नव्हतं, त्याला गर्दी ओळखता येत होती. त्याने सुझानपुढे 50 हजार डॉलर ठेवले, चार महिने अमेरिकेत गावोगाव खेळायचं. अंदाजासाठी सांगतो, त्या वर्षी बेसबॉलचा सगळ्यात मोठा स्टार बेब रूथ याचा पगार 52 हजार डॉलर होता. ऑगस्टमध्ये सुझानने सही केली.

परिणाम काय होणार हे तिला पक्कं माहीत होतं. दार एकदा लागलं की उघडणार नव्हतं. सहा वेळा जिंकलेल्या विम्बल्डनने तिचं मानद सभासदत्व काढून घेतलं. मायदेशाच्या टेनिस महासंघानेही तिच्याशी नातं तोडलं.

तिने उत्तर लिहून दिलं आणि ते आजही वाचण्यासारखं आहे. त्याचा आशय असा, की आपल्या खेळावर इतरांनी लाखोंनी कमावलं, आपण मात्र प्रवेश फी भरत राहिलो. एखादी व्यक्ती आपल्या पेशात जेवढं राबते तेवढंच आपण राबलो आणि तरी हातात काही नाही. मग हौशी टेनिस हा फक्त श्रीमंतांचा खेळ राहावा, हे न्याय्य आहे का? खेळाडूंना पैसे द्यायचे नाहीत, तर मग तिकिटं तरी का विकता, हा त्यामागचा सरळ सवाल होता. त्याचं सरळ उत्तर कुणी दिलं नाही.

9 ऑक्टोबर 1926 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दौरा सुरू झाला. साधारण 13 हजार प्रेक्षक. समोर मेरी ब्राउन, 35 वर्षांची, एके काळची तीन वेळची अमेरिकन विजेती. याच ब्राउनने जूनमध्ये विम्बल्डनला रायनबरोबर खेळून सुझानच्या जोडीला दुहेरीत हरवलं होतं. जोडीला चार पुरुष खेळाडू. रेल्वेने प्रवास, रोज नवं शहर, हॉलमध्ये अंथरलेल्या कॅनव्हासच्या कोर्टवर खेळ. बायकांच्या व्यावसायिक टेनिसची टूर अशी सुरू झाली, एकाच जोडीची, सर्कशीसारखी गावं बदलणारी. सुझान आणि ब्राउन 38 वेळा खेळल्या आणि 38ही वेळा सुझान जिंकली. खरं सांगायचं तर हीच त्या दौऱ्याची अडचण होती. निकाल आधीच ठाऊक असलेली मॅच बघायला लोक किती वेळा येणार? फेब्रुवारी 1927मध्ये दौरा संपला आणि पाइलने पुढचा करार केला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये काही मॅचेस झाल्या आणि मग स्पर्धात्मक टेनिस थांबलंच. तिशीही गाठली नव्हती. खेळायला समोर कुणी उरलं नव्हतं, कारण खेळू शकणाऱ्या सगळ्या नियमाच्या पलीकडच्या बाजूला होत्या.

1929मध्ये पापा गेले. सुझानने पुस्तकं लिहिली होती, एका इंग्रजी सिनेमात छोटं कामही केलं. पण शेवटची काही वर्षं तिने मन लावून केलं ते शिकवण्याचं काम. तिने पॅरिसमध्ये मुलांसाठी टेनिसची शाळा चालवली. पुढे फ्रेंच महासंघानेही त्या शाळेला मान्यता दिली, म्हणजे ज्या महासंघाने बाहेर काढलं होतं त्यानेच.

1938च्या उन्हाळ्यात ती अचानक फार आजारी पडली. 2 जुलैला हेलन विल्सने आठवं विम्बल्डन जिंकलं. 4 जुलैला पॅरिसमध्ये सुझान गेली. वय अवघं 39.

हौशी आणि व्यावसायिक यांच्यातली भिंत पडली ती 1968मध्ये. पहिली खुली ग्रँड स्लॅम झाली पॅरिसच्या रोलाँ गॅरोसवर. त्या स्टेडियममधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या कोर्टला आता सुझानचं नाव आहे. ती स्वतः फ्रेंच स्पर्धा तिथे कधीच खेळली नाही. स्टेडियम बांधलं गेलं 1928मध्ये आणि तोवर तिला प्रवेश बंद झाला होता. महिलांच्या एकेरीचा चषकही तिच्याच नावाचा आहे. 2025मध्ये तो कोको गॉफने उचलला, सोबत 25 लाख 50 हजार युरोचा चेक.